जिंजी, खडकवासला आणि 'सर्व्हर डाऊन'

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही, कारण हे कोणत्याही कार्यालयात घडलं असतं. माझ्यापुढे रांगेत एक मावशी होत्या. धुण्याभांड्याची कामं करतात. नवरा गेला, त्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता. विम्याचे कागद भरायची मुदत शुक्रवारी संपणार होती. तिसरी खेप होती त्यांची. प्रत्येक खेपेला चार घरची कामं बुडवून यायचं.

खिडकीतले साहेब म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

मावशी म्हणाल्या, "साहेब, एकच सर्व्हर असतो का हो? आमच्याकडं गॅस संपला तर दुसरी टाकी असते."

रांग हसली. साहेबही हसले. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. पण घरी जाताना लक्षात आलं की इतका नेमका प्रश्न वीस वर्षांच्या पत्रकारितेत मी एकाही अधिकाऱ्याला विचारलेला नाही. दुसरी टाकी आहे का? असली तर भरलेली आहे का? आणि ती लावता कोणाला येते?

मी कम्प्युटरवाला नाही. भोरचा माणूस, पत्रकारितेचा डिप्लोमा करून पुण्यात आलो आणि इथलाच झालो. म्हणून हिंजवडीत सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राला गाठलं. त्यानं जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पूर्वी एक सर्व्हर म्हणजे एक लोखंडी पेटी असायची. आता एका दणकट पेटीच्या पोटात आठ-दहा 'व्हर्च्युअल मशीन' चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कम्प्युटरच, फक्त तो फाइलच्या रूपात असतो. त्याची डिस्क, त्याचं सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंग, सगळं फाइलमध्ये. आणि फाइल म्हटली की तिची नक्कल करता येते. ती नक्कल दुसऱ्या जागच्या दुसऱ्या पेटीत नेऊन ठेवायची. मूळ मशीनमध्ये जे बदल होतील तेवढेच दर पाच-पंधरा मिनिटांनी नकलेकडे पाठवत राहायचे. नक्कल एरवी झोपलेली असते. मूळ मशीन पडलं की तिला उठवायचं आणि लोकांची ये-जा तिच्याकडे वळवायची. ही झाली 'स्टँडबाय' मशीन, आणि या वळवण्याला म्हणतात 'फेलओव्हर'.

मी म्हटलं, "म्हणजे बॅकअपच ना?"

तो म्हणाला, "नाही रे. बॅकअप म्हणजे कोठीतलं धान्य. स्टँडबाय म्हणजे वाढलेलं ताट. धान्य असलं तरी दळायला, रांधायला वेळ लागतो, आणि पंगत तोवर उठून जाते."

मग म्हणाला, कुठलीही व्यवस्था तपासायला दोनच प्रश्न विचार. मशीन पडलं तर किती वेळात पुन्हा उभं राहणार? आणि उभं राहील तेव्हा शेवटच्या किती मिनिटांचं काम गेलेलं असेल? उत्तर मिनिटांत आलं तर व्यवस्था आहे. "बघू, करू" असं आलं तर नाही.

हे ऐकताना माझ्या डोक्यात मात्र इतिहास सुरू झाला. सवय आहे. कारण ही सगळी गोष्ट आपण एकदा जगलेलो आहोत, कम्प्युटर जन्मायच्या अडीचशे वर्षं आधी.

1677 साली दक्षिण मोहिमेत छत्रपती शिवाजी महाराजांनी जिंजीचा किल्ला घेतला. आज तो तमिळनाडूत आहे, विलुप्पुरम जिल्ह्यात. रायगडापासून शेकडो कोस लांब. महाराजांनी तो नुसता घेतला नाही, त्याची तटबंदी वाढवली, शिबंदी ठेवली, कारभार लावला. पुढे संकट येईल तेव्हा राजधानी इथे हलवायची असा नेमका विचार त्यांच्या मनात होता, असा दावा मी करणार नाही. पण पुढे घडलं ते तसंच.

फेब्रुवारी 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले. मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. रायगडाभोवती मोगलांचा वेढा आवळत होता. गडावर महाराणी येसूबाई, लहानगे शाहू आणि राजाराम महाराज, म्हणजे स्वराज्याचा सगळा वारसा एकाच तटाच्या आत. गड पडला तर सगळंच संपलं.

तेव्हा येसूबाईंनी जो निर्णय घेतला तो मला मराठ्यांच्या इतिहासातला सगळ्यात थंड डोक्याचा निर्णय वाटतो. राजाराम महाराजांनी बाहेर पडावं, आपण मुलासह गडावर थांबतो. सगळे एका जागी राहायचं नाही. एप्रिलमध्ये राजाराम महाराज निसटले. प्रतापगड, पन्हाळा करत, पुढे वेष पालटून, केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या मदतीनं ते त्या वर्षअखेरीला जिंजीला पोचले. इकडे नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. येसूबाई आणि शाहू कैदेत गेले. येसूबाई परत आल्या त्या थेट 1719 साली. तीस वर्षांनी. दुसरी जागा उभी राहावी म्हणून पहिल्या जागेवर थांबलेल्या माणसानं काय किंमत मोजली, ते या आकड्यात आहे.

रायगड गेला पण राज्य गेलं नाही. जिंजीत दरबार भरला, अष्टप्रधान नेमले गेले, प्रल्हाद निराजींसाठी प्रतिनिधी हे नवं पद निघालं. जिंजीहून निघालेली पत्रं, सनदा इथल्या देशमुखांपर्यंत पोचत होत्या. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना सगळे अधिकार देऊन ठेवले होते, जोडीला शंकराजी नारायण, ज्यांच्या घराण्यानं पुढे आमच्या भोरचं संस्थान चालवलं. मैदानात संताजी आणि धनाजी. झुल्फिकारखानाचा जिंजीचा वेढा जवळजवळ आठ वर्षं चालला. 1698 च्या सुरुवातीला जिंजी पडली, पण राजाराम महाराज त्याआधीच बाहेर पडलेले होते. म्हणजे दुसरी जागा पडली तेव्हा कारभार पुन्हा पहिल्या मुलखात आलेला होता. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "याला आम्ही फेलबॅक म्हणतो. फेलओव्हरपेक्षा हेच अवघड असतं."

पण जिंजीची गोष्ट सांगताना आपण दोन अडचणीच्या बाबी गाळतो. त्या सांगतोच.

पहिली. जिंजीचा कारभार बघत होते महाराजांचे जावई हरजीराजे महाडिक. राजाराम महाराज पोचायच्या सुमारासच ते वारले, आणि किल्ला ताब्यात देण्यावरून सुरुवातीला कुरबूर झाली असं इतिहासकार लिहितात. मिटलं ते. पण विचार करा. राजा दारात उभा आणि किल्ल्या कोणाकडे यावर बोलणी चाललेली. आजच्या किती कार्यालयांत दुसऱ्या सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो, आणि तो माणूस नेमका बदली होऊन गेलेला असतो?

दुसरी बाब जास्त दुखरी आहे. 1707 मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू महाराज सुटून परत आले. पण आता इकडे महाराणी ताराबाई आपल्या मुलाच्या नावानं गादी चालवत होत्या, त्याच गादीसाठी सात वर्षं झुंजल्या होत्या. खरी गादी कोणाची? ऑक्टोबर 1707 मध्ये भीमेकाठी खेडला मराठेच मराठ्यांसमोर उभे राहिले. सातारा आणि कोल्हापूर असा तो वाद 1731 च्या वारणेच्या तहानं मिटला. चोवीस वर्षं. यात चूक एका बाजूची होती असं मी म्हणत नाही. दोघांकडेही सांगण्यासारखं होतं, अडचण तीच होती.

मित्र म्हणाला, "आमच्याकडे हाच सगळ्यात मोठा धोका. मूळ मशीन मेलेलं नसतं, फक्त मधली तार तुटलेली असते. स्टँडबायला वाटतं आता मीच मालक. दोघेही काम घेत सुटतात, दोघांकडे वेगवेगळ्या नोंदी होतात, आणि मग खरं कोणाचं हे सांगणारं कोणी उरत नाही." म्हणून तिथे एक तिसरा साक्षीदार ठेवतात. तो लहानसा असतो, पण मालक कोण यावर त्याचं मत निर्णायक. गावच्या भाऊबंदकीत पंच असतो तसा.

आता जिंजीवरून खाली उतरून आपल्या मुठेवर येऊ.

12 जुलै 1961. ही तारीख पुणेकराला सांगावी लागत नाही. पानशेतचं धरण नवं होतं, काम पुरतं संपलेलंही नव्हतं. आदल्या रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं. सकाळी ते फुटलं. त्याखाली मुठेवर खडकवासला होतं, 1879 सालचं, ब्याऐंशी वर्षं टिकलेलं दगडी धरण. पानशेतचं पाणी आलं आणि तेही गेलं. मग पुण्यात काय झालं ते नारायण, शनिवार, कसबा पेठेतल्या जुन्या घरांना विचारा. पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणा काही भिंतींवर वर्षानुवर्षं होत्या.

पुराबद्दल आपण खूप बोलतो. पुरानंतरच्या पाण्याबद्दल कमी. शहराला पाणी पाजणारं खडकवासलाच राहिलं नव्हतं. गल्लीत चिखल आणि नळाला थेंब नाही. मी पुण्यात पहिल्यांदा राहिलो त्या वाड्यातल्या मालकीणबाई सांगायच्या की तेव्हा वाड्यातला आड उपसला, गाळ काढला आणि शेजारच्या तीन वाड्यांनी त्यावर दिवस काढले. पेशव्यांच्या काळात नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं पुण्याच्या हौदांत पाणी आणलं होतं, तो ओघ मुठेवर अवलंबून नव्हता. नळ आल्यावर आड आणि हौद जुनाट वाटायला लागले. पुढे बरेचसे आपण बुजवले. काहींत कचरा टाकला.

धडा सरळ आहे. एकाच नदीवर खालीवर दोन धरणं म्हणजे दोन आधार नव्हेत. वरचं फुटलं की तेच पाणी खालच्याला नेतं. आधार तोच, ज्याचा ओघ वेगळा आहे.

कम्प्युटरच्या जगात हे रोज घडतं. मूळ सर्व्हर आणि स्टँडबाय एकाच खोलीत, एकाच विजेवर, एकाच एसीखाली. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात, तंत्रज्ञानात आपल्या कितीतरी पुढे असलेल्या देशात, देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सातशेच्या आसपास सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा 858 टेराबाइटचा साठा जळाला, आणि त्याची बाहेर कुठेच नक्कल नव्हती. फार मोठा आहे म्हणून ठेवली नव्हती. आपल्याकडे 21 जून 2012 ला मंत्रालय जळालं. पाच जीव गेले, आणि फाइलींचे गठ्ठेच्या गठ्ठे राख झाले. कागदाची तर एकच प्रत असते.

मी दुसऱ्यांना कशाला शिकवू? माझं स्वतःचं सांगतो. मी एक छोटं साप्ताहिक चालवायचो. अकरा वर्षांचे अंक, फोटो, गावोगावच्या बातम्या एका कम्प्युटरवर. बॅकअप होता बरं का. बाहेरची हार्ड डिस्क घेतली होती, आणि ती त्याच कम्प्युटरला कायम जोडून ठेवली होती. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि दोन्ही एकाच क्षणी गेले. पानशेत आणि खडकवासला माझ्या टेबलावर होते. दोष कुणाचा नाही, माझाच. त्यात एका शाळामास्तरांची मुलाखत होती. मास्तर आता नाहीत, आणि त्यांचा आवाजही नाही.

आता तिसरी गोष्ट. दुसरी जागा आहे, लांब आहे, ओघ वेगळा आहे. मग झालं? नाही.

24 फेब्रुवारी 2021. मुंबईतलं राष्ट्रीय शेअर बाजाराचं, म्हणजे एनएसईचं कामकाज सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी थांबलं. टेलिकॉमच्या जोडण्यांत बिघाड होता. एनएसईची पर्यायी यंत्रणा होती. कुठे? चेन्नईत. जिंजीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास! इतिहासही कधी कधी गंमत करतो. पण त्या दिवशी कारभार चेन्नईला हलवलाच गेला नाही. बाजार तासन्तास बंद राहिला, शेवटी दुपारी पावणेचारला सुरू करून पाचपर्यंत चालवावा लागला. जिंजी होती, पण जायचा निर्णय झाला नाही.

यानंतर सेबीनं नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत पर्यायी जागेवरून काम सुरू करायचं. याचा अर्थ नीट बघा. नियम मशीनसाठी नाही, माणसासाठी आहे. मशीन तयार असतं. "थांबा, पाच मिनिटांत सुरू होईल" असं म्हणत चार तास घालवतो तो माणूस. पुढे 2 मार्च 2024 आणि 18 मे 2024 या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडला. थोडा वेळ मुख्य जागेवरून, मग थोडा वेळ पर्यायी जागेवरून, खऱ्या पैशांचे खरे व्यवहार. रंगीत तालीम नव्हे, खरा प्रयोगच. एनएसईवर त्या दिवशी टीका झाली ती रास्त होती, आणि नंतरच्या या तालमींचं कौतुकही तितकंच रास्त आहे.

एक इशारा देऊन ठेवतो, कारण तो आपल्या पुण्यातलाच आहे. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचला बगल देणारा एक खोटा स्विच उभा केला आणि तोच एटीएमच्या व्यवहारांना "हो" म्हणत गेला. अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले. एकूण 94 कोटींच्या वर. म्हणजे पर्यायी वाट चोरालाही काढता येते. स्टँडबायवर मूळइतकाच पहारा लागतो. आणि मूळ मशीनमध्ये विषाणू शिरला तर पंधरा मिनिटांत तोही इमानदारीनं नकलेत उतरतो. म्हणून ताट वाढलेलं असलं तरी कोठीतलं जुनं धान्य टाकायचं नाही. कालची, आठवड्यापूर्वीची, महिन्यापूर्वीची प्रत कुठल्याही तारेला न जोडता वेगळी ठेवायची.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी जिंजी. आपण फटाके वाजवले, स्टेटस ठेवले. मी पण ठेवला. पण जिंजीचा अभिमान बाळगायचा तर तिचं काम काय होतं हेही आठवायला हवं. ती जिंकली होती, बांधली होती, तिथे धान्य आणि माणसं होती, आणि वेळ आली तेव्हा तिथे जायची हिंमत कोणीतरी केली.

आज जन्म, मृत्यू, सातबारा, मिळकतकर, रेशन, सगळं सर्व्हरवर गेलंय. चांगलंच झालं. कागद कुरतडणारे उंदीर आणि गठ्ठा दडवणारे बाबू, दोघांचंही राज्य कमी झालं. पण शेअर बाजार चार तास बंद पडला तर देशभर बातमी होते, नियम होतो. मावशींची खिडकी चार दिवस बंद असते तेव्हा कोणाला 45 मिनिटांची मुदत असते?

म्हणून मी या आठवड्यात माहितीच्या अधिकारात काही कार्यालयांकडे अर्ज टाकतोय. प्रश्न चारच आहेत:

1. तुमच्या सेवेची पर्यायी यंत्रणा आहे का? ती त्याच इमारतीत आहे की दुसऱ्या शहरात? (सुरक्षेसाठी पत्ता नको, एवढंच सांगा.)

2. मुख्य यंत्रणा पडली तर किती वेळात सेवा सुरू करायची, याची लेखी मुदत किती?

3. पर्यायी यंत्रणेवरून खरोखर काम चालवून बघण्याची शेवटची तारीख कोणती?

4. यंत्रणा बंद असताना अर्जदाराची मुदत संपली तर त्याला बंदचा लेखी दाखला मिळतो का?

चौथा प्रश्न मावशींचा. त्यांना त्या दिवशी "सर्व्हर बंद होता" एवढी एक ओळ शिक्क्यासह मिळाली असती, तर विमावाल्यांकडे दाखवायला काही तरी हातात राहिलं असतं. मी तिथेच मागितली. साहेब म्हणाले, "असं लिहून द्यायची पद्धत नाही." त्यांचंही खोटं नव्हतं. पद्धत नाहीच.

मावशींना दाखला गुरुवारी संध्याकाळी मिळाला. मुदतीच्या एक दिवस आधी. चौथ्या खेपेला. त्या खूश होत्या, मला म्हणाल्या, "देवाची कृपा." मी काही बोललो नाही. पण मृत्यूचा दाखला वेळेत मिळणं ही देवाच्या कृपेवर सोडायची गोष्ट नाही, हे मला कुठेतरी लिहायचं होतं. ते इथे लिहिलं.

तुमच्या गावात, तुमच्या पेठेत हेच चार प्रश्न विचारा. मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. उत्तरं आली की इथेच टाकीन, जशी येतील तशी. ज्या कार्यालयाचं उत्तर चांगलं येईल त्याचं नाव मात्र आनंदानं घेईन.

आणि हो, आज रात्री घरातले फोटो, आईबापांचे आवाज, जमिनीचे कागद यांची एक प्रत काढा आणि दुसऱ्या घरी ठेवा. त्याच कपाटात नको. बहिणीकडे ठेवा, गावी ठेवा. आपापली जिंजी आधी बांधू, मग सरकारला विचारू.